फायटर माशाच्या पिल्लांसाठी घरच्या घरी जिवंत खाद्य: मायक्रोवर्मचं विरजण कुणाकडे आहे का?

मागवाला_वडगाव | ३ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो. घरात दोन यंत्रमाग आहेत आणि मागांच्याच खोलीत भिंतीला लावून माशांच्या काचपेट्या आहेत. चार वर्षं झाली फायटर पाळतोय. पाळणं जमलं, जोडी लावणंही जमलं. पिल्लं मोठी करणं मात्र अजून जमलेलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

परवाची गोष्ट सांगतो. निळा नर आणि लाल मादी. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळलेलं पान पाण्यावर सोडलं होतं, त्याच्याखाली नराने बुडबुड्यांचं घरटं बांधलं. अंडी पडली तशी मादी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरट्यातून बारीक शेपट्या लोंबायला लागल्या, एखादं पिल्लू खाली सुटलं की नर तोंडात धरून परत वर नेऊन चिकटवायचा. हे बघत मी आणि माझा मुलगा रात्री दीडपर्यंत बसलो होतो. तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागली, मग नरालाही काढलं. अंदाजे दीडशे तरी असतील.

त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून थेंब थेंब दिला. संध्याकाळपर्यंत पाणी ढगाळ. दुकानातली पिल्लांची भुकटी आणली, ती वर तरंगत राहिली आणि पिल्लं तिच्याखालून निघून जायची. जे हलत नाही ते त्यांच्या लेखी अन्नच नाही, हे आता कळलंय. आठव्या दिवशी अकरा उरली. चौदाव्या दिवशी पेटी रिकामी. ही माझी तिसरी खेप होती, आणि मुलाने या वेळी सकाळी उठून पेटीकडे बघायचंच सोडलं, ते मला जास्त लागलं.

जिवंत खाद्याशिवाय इलाज नाही असं सगळे सांगतात. घरात सहज वाढेल, वास मारणार नाही, बेळगावच्या पावसाळ्यात टिकेल असं काय आहे? मायक्रोवर्म नावाच्या बारीक अळ्यांबद्दल ऐकलंय. विरजण कुणाकडे मिळेल का? खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठेही यायची तयारी आहे.

पेजवाली_अक्का | ३ जुलै, रात्री ११:०२

दादा, वाचून वाईट वाटलं. तुमचं काही फार चुकलेलं नाही. फायटरचं पिल्लू पोहायला लागतं तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं, त्याच्या तोंडात मावेल आणि समोर वळवळेल असंच काहीतरी लागतं. मायक्रोवर्मची लांबी दीड-दोन मिलिमीटर, पण जाडी केसाएवढी, त्यामुळे ते शेवयासारखे आत ओढले जातात.

मी टिळकवाडीत राहते. माझ्याकडे सहा वर्षं एकच वाण चालू आहे, उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जा. विरजण हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात. दह्यासारखंच आहे हे: एका डब्यातलं चमचाभर दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. आणि दह्यासारखंच, विरजण नसेल तर नुसतं पीठ ठेवून काही होत नाही.

कृती सांगते. साधे ओट्स घ्या. मसाला घातलेले नकोत, मीठ-तिखट नकोच. पाण्यात शिजवून घट्ट लापशी करा, चमचा उभा राहील इतकी घट्ट. पूर्ण गार होऊ द्या, कोमट असताना घाई करू नका. प्लास्टिकच्या चपट्या डब्यात करंगळीच्या जाडीचा थर पसरा. वर बेकरीवाले वापरतात ते कोरडं यीस्ट चिमूटभर भुरभुरवा. मग माझ्याकडचं विरजण चमचाभर मधोमध ठेवून हलक्या हाताने पसरवा. झाकणाला सुईने पाच-सहा भोकं पाडा आणि झाकणाच्या आतून फिल्टरचा कापूस किंवा सुती फडकं चिकटवा, नाहीतर चिलटं आत शिरून अंडी घालतात आणि सगळं फुकट जातं.

डबा पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा. आपल्याकडे मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाचं पातेलं ठेवतो तसंच.

चौथ्या-पाचव्या दिवशी बॅटरीचा उजेड बाजूने मारून बघा. लापशीचा पृष्ठभाग हलताना दिसेल, सायीवरून वारा फिरावा तसा. मग ते डब्याच्या भिंतीवर चढायला लागतात, झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटत वर जातात. भिंतीवरचेच घ्यायचे, लापशीला हात लावायचा नाही. कान कोरायच्या कापसाच्या काडीने पुसून घ्या, काडी वाटीभर पेटीच्याच पाण्यात ढवळा, दोन मिनिटं थांबा. जिवंत अळ्या खाली बसतात, वरचं गढूळ पाणी ओतून टाका आणि खालचं ड्रॉपरने पिल्लांना द्या. शंभर पिल्लांना एका वेळी एका काडीवरचं पुरे. दिवसातून दोनदा, जमलं तर तीनदा.

एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा: कमी द्या. हे जमिनीवरचे जीव, गोड्या पाण्यात आठ-दहा तास वळवळतात, मग मरून तळाशी कुजतात. तुमचं पाणी बलकाने नासलं तसं याच्यानेही नासेल.

आणि डबे नेहमी दोन ठेवा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने लावलेले. एक डबा साधारण तीन-चार आठवडे चालतो. लापशी पातळ आणि तपकिरी झाली, वास नाकात जायला लागला की त्यातलं चमचाभर नव्यात घालायचं. चांगल्या डब्याचा वास बेकरीच्या दारासारखा असतो, आंबूस पण स्वच्छ. घरात कुणाला त्रास होत नाही.

कोटकेरे | ४ जुलै, सकाळी ७:४०

एवढं सगळं कशाला करूलास दादा? टेरेसवर एक बादली पाणी भरून ठेव, दोन पानं टाक. आठ दिवसात डासाच्या अळ्या लई होतात. माझ्या गप्पी आणि एंजल त्याच्यावरच वाढल्यात. फुकट काम.

हिंडलगा_सिस्टर | ४ जुलै, दुपारी २:२०

कोटकेरे, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कृपा करून कुणी करू नका. मी आरोग्याचं काम करते आणि पावसाळ्यात घरोघर फिरून बादल्या, पिंपं, टायर रिकामे करायला सांगते. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं म्हणून प्रत्येक घरात साठवण आहे, आणि डेंगीचा डास नेमका असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. एक दिवस गाळायचं राहिलं, एक लग्न आलं, एक ताप आला, की बादलीतले डास गल्लीत. पाणी ओतून दिलं तरी अंडी बादलीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असूनसुद्धा काही महिने जगतात, म्हणून आम्ही भांडं घासून पुसायला सांगतो. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या घरात एका आठवड्यात तिघे जण तापाने पडले, त्यात एक नऊ वर्षांची मुलगी.

शिवाय मागवाला यांच्या पिल्लांना त्या अळ्या तोंडातही मावणार नाहीत. उलट ज्यांच्याकडे गप्पी जास्त झाल्यात त्यांनी त्या विहिरीत, हौदात सोडायला द्या, त्या अळ्या खातात. नदी-ओढ्यात मात्र सोडू नका, तिथले आपले देशी मासे मागे पडतात.

कोटकेरे | ४ जुलै, रात्री ९:०५

सिस्टर, कडेला अंडी राहतात हे मला माहीत नव्हतं. आज बादली ओतली, ब्रशने घासली आणि उपडी घातली. खरंच धन्यवाद.

काचपेटी_शहापूर | ५ जुलै, सकाळी ११:३०

ट्युबिफेक्सचं, म्हणजे गाळातल्या बारीक लाल किड्यांचं, कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. दुकानात लाल गोळा वळवळताना दिसतो आणि मासे त्याच्यावर तुटून पडतात हे खरं. पण ते गटाराच्या, सांडपाण्याच्या गाळात वाढतात. दोन-तीन दिवस वाहत्या पाण्याखाली धुतले तरी पोटातलं सगळं जात नाही. माझी आठ एंजलांची पेटी एका खेपेत गेली, पोटं फुगून. त्यानंतर मी जिवंत ट्युबिफेक्स घरात आणलं नाही.

ब्लडवर्म म्हणजे वेगळं, ती एका न चावणाऱ्या माशीची अळी, आपल्यासारखंच तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल. मोठ्या फायटरला गोठवलेलं उत्तम. वाळवलेल्याची भुकटी नाकात गेली तर काहींना शिंका आणि अंगावर पित्त उठतं, हात लावून झाल्यावर डोळे चोळू नका.

नवशिका_हुक्केरी | ५ जुलै, दुपारी ४:१०

माझा साधा प्रश्न. आमच्याकडे ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्यात अळ्या होतात. त्याच चालतील का? मग विरजण आणायला नको.

पेजवाली_अक्का | ५ जुलै, सायंकाळी ६:००

बाळा, त्या किड्यांच्या अळ्या. कुजलेल्या भाकरीवर होतात त्या माशीच्या. मायक्रोवर्म ही जातच वेगळी, सूत्रकृमी म्हणतात ना त्यातली. अंडी बाहेर घालत नाहीत, मादी थेट पिल्लंच देते, म्हणून इतक्या झपाट्याने वाढतात. हुक्केरीहून बेळगावला येणं झालं तर सांग, डबी भरून ठेवते.

मागवाला दादा काल येऊन घेऊन गेले. मुलगाही बरोबर होता, भिंगातून बघितल्याशिवाय डबी हातातून सोडत नव्हता.

जांबोटी_रान | ६ जुलै, रात्री ८:४५

खानापूर तालुक्यातून. माझ्याकडे गप्पी, मॉली आणि थोडे गुरामी. मी ग्रिंडल वर्म करतो, पिल्लं महिन्याची झाली की पुढचा टप्पा म्हणून याचा विचार करा. सेंटिमीटरभर लांब, पांढरे, गांडुळाचेच चुलत भाऊ. याचा मोठा भाऊ व्हाइट वर्म, पण त्याला २० अंशांच्या खालचा गारवा लागतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत असले तरी एप्रिलमध्ये ते जगत नाहीत. मी दोनदा आणून दोनदा घालवले, फ्रिज अडवायला घरचे तयार नव्हते. ग्रिंडलला आपली हवा मानवते.

कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून, उकळत्या पाण्यातून काढून, पिळून घ्यायची. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. डब्यात तीन बोटं थर. वर माशांच्या खाद्याचे चार दाणे किंवा भिजवलेले ओट्स ठेवायचे आणि त्याच्यावर काचेचा किंवा प्लास्टिकचा तुकडा आडवा टाकायचा. दोन दिवसांनी तुकडा उचला: खालच्या बाजूला शेवयांचा गुंता लटकलेला असतो. तुकडा तसाच वाटीतल्या पाण्यात बुडवून हलवला की माती न येता स्वच्छ अळ्या खाली.

टाकलेलं खाद्य दोन दिवसांत संपलं नाही तर ते जास्त झालं. उरलेल्यावर बुरशी येते आणि मग माइट येतात, पीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके, नीट बघितलं तर चालताना दिसतात. आले तर घाबरू नका. डब्यात पाणी भरा, माइट तरंगतात, ते ओतून द्या. ग्रिंडल पाण्यात बराच वेळ तग धरतात.

एक जपा: यात चरबी भरपूर. रोज दिलं तर मासे सुटतात, मादीला अंडी टाकायला जड जातं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

गांडुळांबद्दलही लिहितो, कारण आमच्याकडे गांडूळखताचे खड्डे घरोघर आहेत. दुकानात कन्नडमध्ये विचारायचं झालं तर गांडुळाला एरेहुळू, खताला एरेगोब्बर. मोठ्या माशांना गांडूळ चिरून देता येतं. पण खतात जी लाल पट्ट्यांची जात असते, ती दाबली की पिवळा वास मारणारा चीक सोडते आणि मासे तोंडात घेऊन थुंकतात. जाड जांभळट आफ्रिकन जात खातात. द्यायच्या आधी एक दिवस ओल्या फडक्यात ठेवा, पोटातली माती निघून जाते. आणि औषध मारलेल्या उसाच्या, भाजीच्या रानातलं गांडूळ घेऊ नका, ज्याने किडा मरतो त्याने मासाही मरतो.

निपाणी_पूल | ७ जुलै, सकाळी ९:५०

जांबोटी_रान यांनी औषधाचं लिहिलं त्यावरून मला माझं लिहावंसं वाटलं. आमच्याकडे घरोघर तंबाखू. आई विड्या वळायची, मीही लहानपणी बसायचो. मी ग्रिंडलचा डबा ज्या फळीवर ठेवला होता तिच्याखाली तंबाखूचं पोतं होतं, आणि घरातलं कुणीही कामातून उठून आलं की त्याच हाताने खाद्य टाकायचं. दोन डबे लागोपाठ मेले, आणि एकदा हात घातल्यावर पेटीतले चार मासे आडवे झाले. तंबाखूतलं निकोटिन हेच पूर्वी रानात कीडनाशक म्हणून फवारायचे, तंबाखूचा काढा करून. मासा आणि अळी दोघांनाही ते विष.

आता डबे वरच्या माडीवर आहेत आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी पेटीला हात लावत नाही. तेव्हापासून एकही डबा गेला नाही. निपाणी, चिकोडीकडच्या लोकांनी आणि खिशात तंबाखूची पुडी बाळगणाऱ्यांनी हे मनावर घ्या. तंबाखूची काडी घातलेलं खत-मातीही अळ्यांच्या डब्यात नको.

मागवाला_वडगाव | ११ जुलै, रात्री १०:३०

अक्का, तुमचं विरजण लागलं! पाचव्या दिवशी भिंतीवर मुळं फुटली. पण दोन अडचणी आहेत.

पहिली, काडीने पुसलं की अळ्यांबरोबर लापशीच जास्त येते. भिंती दोन बोटं उंचीपर्यंत लापशीने बरबटलेल्या आहेत. दुसरी, दुसऱ्या डब्यावर आज राखाडी केसाळ बुरशी दिसली, रुपयाएवढी. फोटो बघून सांगा.

पेजवाली_अक्का | ११ जुलै, रात्री ११:१५

डबा कुठे ठेवलाय?

मागवाला_वडगाव | ११ जुलै, रात्री ११:२०

मागाच्या खोलीतच, फळीवर. तिथे ऊब असते म्हणून.

पेजवाली_अक्का | ११ जुलै, रात्री ११:४१

मग तेच कारण. धोटा इकडून तिकडे धावतो तेव्हा तुमची अख्खी भिंत हादरते, मी वडगावातल्या माहेरी लहानाची मोठी झालेय, रात्रभर ताटं वाजायची. दिवसभर हादरून लापशी सैल होते आणि भिंतीवर उडते. अळ्यांना चढायला कोरडी-दमट स्वच्छ भिंत लागते. शिवाय सुताचा बारीक कापूस उडत असतो, तो झाकणाच्या भोकांवर बसला की हवा बंद. आत वाफ धरते, पाणी ठिबकतं.

डबा स्वयंपाकघरात न्या. फ्रिजच्या मागच्या बाजूला, वर, तिथे थोडी ऊब असते. आता पावसात बेळगावची हवा रात्री २० अंशांपर्यंत उतरते, अळ्या मरत नाहीत पण वाढ मंदावते. २२ ते २८ त्यांना सुखाचं. उन्हाळ्यात उलट करा, माठाच्या तिवईखाली ठेवा. मे महिन्यात माझा डबा तिथेच असतो.

बुरशीचं: तेवढा भाग चमच्याने खोलवर काढून फेका. अळ्या भरपूर झाल्या की बुरशीला त्या डोकं वर काढू देत नाहीत, विरजण कमी पडलं की बुरशी जिंकते. पुढच्या वेळी चमच्याऐवजी दोन चमचे घाला. लापशीही आणखी घट्ट करा. मी मध्ये नाचणीची आंबील, ज्वारीचं पीठ, तांदळाची पेज सगळं करून बघितलं. तांदळाची चार दिवसांत पाणी सोडते. ज्वारी चांगली चालते, पण वास लवकर धरते. नाचणीवर अळ्या छान होतात आणि तिच्या रंगामुळे पांढऱ्या अळ्या उठून दिसतात, मुलांना दाखवायला बरं. पण सगळ्यात जास्त दिवस ओट्सच.

राजहंसगड_वाट | १२ जुलै, सकाळी ८:१५

चर्चा छान चालली आहे. मी व्हिनेगरमधल्या अळ्यांचं लिहितो. पहिल्या चार-पाच दिवसांसाठी माझ्या मते त्या मायक्रोवर्मपेक्षा सरस, कारण त्या तळाशी न बसता पाण्यात मध्येच पोहत राहतात आणि पाण्यात कित्येक दिवस जगतात. नुकतं पोहायला शिकलेलं पिल्लू खाली वाकून खात नाही, समोरून गेलं तर धरतं. माणसाला त्यांची ओळख फार जुनी, १६५६ साली भिंगाखाली बघितल्याची नोंद आहे.

सफरचंदाचं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, काचेच्या बाटलीत. सालीसकट सफरचंदाच्या दोन फोडी. त्यात विरजण. तोंडाला फडकं बांधून अंधाऱ्या कपाटात ठेवायचं आणि महिनाभर विसरायचं. पुढे सहा-सहा महिने काही करावं लागत नाही. सांभाळायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

इथे बहुतेकांची चूक होते ती सांगतो. किराणा दुकानात जे पांढरं स्वस्त व्हिनेगर मिळतं त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात सिंथेटिक लिहिलेलं असतं. ते नुसतं पाण्यात घातलेलं आम्ल. या अळ्या व्हिनेगर खात नाहीत, त्यातले जिवाणू आणि यीस्ट खातात. सिंथेटिकमध्ये ते नसतातच, अळ्या उपाशी मरतात. फळापासून आंबवलेलं, गढूळ, तळाशी साका असलेलं व्हिनेगर घ्या.

काढायची युक्ती अशी. लांब मानेच्या बाटलीत मानेच्या खालपर्यंत कल्चर भरा. मानेत फिल्टरचा कापूस सारा, तो व्हिनेगरला टेकला पाहिजे. कापसाच्या वर साधं पाणी ओता. खाली हवा कमी पडते तशा अळ्या कापसातून वाट काढत वरच्या गोड्या पाण्यात येतात. रात्री लावलं की सकाळी मानेतलं पाणी धुरकट दिसतं, उजेडात धरलं तर ते चमचमतं. ड्रॉपरने उचला आणि थेट पिल्लांना. व्हिनेगरचा थेंबही पेटीत जात नाही.

बाटली मी येळ्ळूरहून पाठवू शकतो, वडगावला रोज येणं असतं.

काचपेटी_शहापूर | १२ जुलै, दुपारी १:००

मायक्रोवर्मवरच वाढवलेल्या फायटरला पोटाखालचे दोन पर येत नाहीत असं मी अनेकांकडून ऐकलंय, आणि माझ्या एका खेपेला सात-आठ पिल्लं तशी निघालीही. तेवढं लक्षात ठेवा. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी आणून उबवणंच खरं.

पेजवाली_अक्का | १२ जुलै, दुपारी ३:३०

काचपेटी दादा, तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण मला जे दिसलं ते सांगते. एकाच खेपेची पिल्लं मी दोन टबांत वाटली होती, दोन्हींना मायक्रोवर्मच. एका टबाचा तळ रोज सकाळी हवेच्या नळीने ओढून साफ करत होते. दुसऱ्याकडे, आमच्याकडे आजारपण होतं म्हणून, आठवडाभर बघितलं नाही. बिनपराची पिल्लं त्या दुसऱ्या टबातून निघाली. मेलेल्या अळ्या तळाशी कुजतात आणि पिल्लं तिथेच पोट टेकून बसतात, माझा संशय त्या घाणीवर आहे.

तरी एकाच अन्नावर कुणालाच वाढवू नये हे तुमचं मान्य. दहाव्या दिवसापासून आर्टेमिया मिसळा. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ, खालून हवा, २८ अंशांला २४ ते ३६ तासांत फुटतात. पावसाळ्यात इथे पाणी गार असतं म्हणून वेळ लागतो, बाटली टेबलाच्या दिव्याखाली ठेवा. पण अंडी महाग आहेत. ज्याला रोज परवडत नाही त्याने एक दिवसाआड द्यावीत आणि मधल्या दिवशी विरजणाचा डबा आहेच. एक आणखी सांगते: अळीच्या पोटात जे असतं ते पिल्लाच्या पोटात जातं. द्यायच्या आदल्या दिवशी डब्यावर चिमूटभर स्पिरुलिना (हिरव्या शेवाळाची भुकटी) भुरभुरवा.

मागवाला_वडगाव | १९ जुलै, रात्री ९:१०

डबे स्वयंपाकघरात हलवले. भिंती स्वच्छ झाल्या. राजहंसगड यांची बाटलीही पोचली, मानेतल्या पाण्यात खरंच चांदी हलताना दिसते. काल रात्री त्याच जोडीची अंडी पडली. या वेळी टब मागाच्या खोलीत नाही, माजघरात.

पेजवाली_अक्का | १९ जुलै, रात्री १०:००

शुभ झालं. पाणी नुसतं बोटभर उंच नको, चार-पाच बोटं ठेवा, वर काच झाका. पिल्लांचा हवेतून श्वास घ्यायचा अवयव तिसऱ्या आठवड्याच्या पुढे तयार होतो. तेव्हा ती पहिल्यांदा वर येऊन हवा गिळतात, आणि आपली पावसाळी गार हवा लागली तर त्याच दिवसांत मरतात. झाकण दीड महिना काढू नका. हीटर २७ वर.

मागवाला_वडगाव | ९ ऑगस्ट, रात्री ११:४५

आज पिल्लं पोहायला लागून अठरा दिवस झाले. पहिले पाच दिवस बाटलीतल्या अळ्या, मग मायक्रोवर्म, अकराव्या दिवसापासून एक दिवसाआड आर्टेमिया. तळ रोज सकाळी माग चालू करायच्या आधी साफ करतो, नळाचं पाणी दोन दिवस पिंपात ठेवून थोडं थोडं घालतो. मधे एकदा वीज गेली तेव्हा रात्रभर टबाला गोधडी गुंडाळली होती, त्या रात्री सहा पिल्लं गेली.

आज मुलाने वहीत मांडून, भागाभागाने मोजली. ब्याऐंशी. उजेडाच्या विरुद्ध धरलं की प्रत्येकाचं पोट दिसतं: अळ्या खाल्ल्या त्या दिवशी दुधी, आर्टेमिया खाल्ली त्या दिवशी नारिंगी. पंधरा-वीस जणांच्या अंगावर निळी झाक आली आहे. पोटाखालचे पर मी भिंगाने बघत होतो, दोन बारीक धागे आहेत. ज्यांचे बघितले त्या सगळ्यांचे आहेत.

अक्का, सिस्टर, राजहंसगड, जांबोटी, निपाणी, काचपेटी, सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. मायक्रोवर्मचे आता माझ्याकडे चार डबे आहेत आणि चौथा उतू चाललाय. हुक्केरीच्या मुलाने संपर्क केला होता, त्याची डबी भरून ठेवली आहे. आणखी पाच जणांना देता येईल. रविवारी माग बंद असतात, सकाळी दहा ते एक घरीच आहे. येताना झाकणाची छोटी डबी आणा, आणि ओट्स आदल्या रात्रीच शिजवून गार करून ठेवा, म्हणजे घरी गेल्या गेल्या विरजण लावता येईल.